तुआसच्या गोदीत नामिबियाची निवडणूक

मी जहाजांची एजंट होते असं पुण्यात सांगितलं की समोरचा माणूस आधी विम्याचा विषय काढतो, नाहीतर विमानाच्या तिकिटांचा. म्हणून आधी कामच सांगून टाकते. जहाज परक्या बंदरात येतं तेव्हा तिथं त्याचं कुणीही नसतं. मालक बसलेला असतो केपटाउनला, कॅप्टनला इथले रस्ते ठाऊक नसतात आणि खलाशांना इथलं कुणी ओळखत नसतं. अशा वेळी जहाज लावायला धक्का मिळवणं, ते आत आणणारा पायलट बोलावणं, इमिग्रेशनची परवानगी, गोडं पाणी, ताजी भाजी, कुणाची दाढदुखी, घरी जाणाऱ्याचं विमान आणि नव्यानं येणाऱ्याची गाडी हे सगळं जो बघतो तो एजंट. लग्नघरात जशी एक मावशी असते, जिला सगळे फक्त काही हवं असलं की हाक मारतात, तसं ते काम आहे.

मी या कामात पडले ती कंटाळ्यामुळे. विनायक, म्हणजे माझा नवरा, जहाजावर इंजिनिअर. तो अर्धं वर्ष समुद्रावर आणि मी सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये. शेजारणींशी बोलून बोलून किती बोलणार? रॅफल्स प्लेसजवळच्या एका छोट्या एजन्सीत टायपिंगला लागले, एकदा कुणी आजारी पडलं म्हणून जहाजावर गेले आणि मग निवृत्त होईपर्यंत जातच राहिले. शिडी चढताना पंजाबी ड्रेस चालत नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं. हेल्मेट घालून केसांचं काय होतं ते त्यानंतर रोजच कळत राहिलं.

गिऱ्हाइकं एकेक विलक्षण. एका कॅप्टनला बायकोच्या जुन्या शिवणयंत्राची सुई हवी होती आणि ती मिळेपर्यंत त्यानं दुसऱ्या कुठल्याच कागदावर सही केली नाही. एका आचाऱ्यानं तांदूळ मनासारखा आला नाही म्हणून जहाज सोडायची धमकी दिली. एका चीफ इंजिनिअरला नवीन इंजिनाची पूजा करायची होती आणि त्याला नारळ शेंडीचाच पाहिजे होता. हे सगळं मी आवडीनं केलं, कारण मला कामाशिवायचे प्रश्न विचारायची खोड आहे. आमचा बॉस लिम कपाळाला हात लावून म्हणायचा, "यू आस्क टू मच, लाह. शिप ऑलरेडी गो, यू स्टिल आस्किंग."

त्या सगळ्या जहाजांपैकी एक मात्र मी कधी विसरले नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात ते दुरुस्तीसाठी तुआसच्या शिपयार्डमध्ये आलं होतं. नामिबियाच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळातली वाळू उपसून तिच्यातून हिरे वेगळे करणारं ते जहाज. हिरे वगैरे अर्थात इथं काही दिसले नाहीत. गंजलेले पाइप, रंगाचे डबे आणि ड्राय डॉकमध्ये कोरड्या जमिनीवर ठोकळ्यांवर बसवलेला प्रचंड लोखंडी सांगाडा, एवढंच दिसत होतं.

कॅप्टन पोलंडचा होता आणि चीफ इंजिनिअर पुण्याचे देवधर. देवधर आणि विनायक पूर्वी एका जहाजावर होते, त्यामुळे मी त्यांना भावोजी म्हणायची आणि ते मला वहिनी. बाकीच्या खलाशांमध्ये पाच जण नामिबियाचे होते. त्यांचा म्होरक्या पेट्रुस. तो जहाजाचा सारंग होता, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. पन्नाशी उलटलेला, उंच आणि कमी बोलणारा माणूस.

तोच पेट्रुस एका सकाळी टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "मॅडम, आम्हाला क्वालालंपूरला जायचं आहे. मत द्यायला."

मला आधी काही उलगडा होईना. मग त्यानं समजावलं. त्यांच्याकडे सार्वत्रिक निवडणुकीचं मुख्य मतदान असतं त्याच्या थोडं आधी परदेशातल्या आणि समुद्रावरच्या लोकांचं मतदान उरकतात. परदेशातल्यांनी जवळच्या वकिलातीत जायचं. सिंगापुरात त्यांची वकिलात नाही, सर्वांत जवळची क्वालालंपूरला. मला हे ऐकून गंमत वाटली आणि थोडा हेवाही वाटला. माझ्या पासपोर्टवर अशोकस्तंभ आहे, पण मला मत द्यायचं तर विमानानं थेट पुण्यातल्या शाळेत जाऊन रांगेत उभं राहायला हवं. इतकी वर्षं मी गेले नव्हते.

अडचण अशी होती की जहाज डॉकमधून बाहेर काढायचा दिवसही नेमका तोच ठरला होता. डॉकमध्ये पाणी सोडतात, जहाज हळूहळू तरंगायला लागतं, मग भरतीच्या वेळी दोर ओढून आणि टगबोटी लावून ते बाहेर काढतात. त्या वेळी डेकवर हात कमी पडले तर लाखमोलाचं जहाज भिंतीला घासतं. भरती काही कुणाच्या निवडणुकीसाठी थांबत नाही. मी कॅप्टनकडे शब्द टाकला. त्यानं भरतीचं वेळापत्रक दोनदा तपासलं. शेवटी म्हणाला, "एक जण. फक्त एक. कोण ते त्यांनीच ठरवावं."

देवधर तिथंच होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "वहिनी, एका मतानं काय होतंय? तिथं निकाल आधीच लागल्यासारखा आहे. आणि त्यातून सारंगालाच पाठवलंत तर पुढचे दोर कोण सांभाळणार? दुसऱ्या कुणालाही पाठवा. हा सोडून."

"ते ठरवणार आहेत, भावोजी. मी नाही."

"मग झालंच," देवधर म्हणाले.

संध्याकाळी ते पाच जण मेसमध्ये, म्हणजे जहाजाच्या जेवणघरात, जमले. पेट्रुस, आचारी योहानेस, इंजिनखोलीतला एक ऑइलर, डेकवरचा एक खलाशी आणि सेल्मा. सेल्मा जहाजावर थर्ड ऑफिसर होती, पंचविशीच्या आतली, आणि देशाच्या राष्ट्रपतीसाठी आयुष्यात पहिल्यांदाच मत देणार होती. मला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. पेट्रुस म्हणाला, "आम्हाला बाहेरचा माणूस पाहिजे. आमची पहिली निवडणूक यूएननं घेतली होती. आज तुम्ही यूएन."

यूएन व्हायची माझी काही तयारी नव्हती. मी आपली आमच्या टॅम्पिनीसच्या भिशीत करतो तेच सुचवलं. पाच नावांच्या चिठ्ठ्या करायच्या, वाटीत टाकायच्या, डोळे मिटून एक उचलायची. कुणाला वाईट वाटायला नको.

पाचही चेहरे माझ्याकडे असे वळले की मला वाटलं, आपण काहीतरी अभद्र बोललो.

"ती सोडत झाली, मॅडम," पेट्रुस हळूच म्हणाला. "आम्ही त्यासाठी इतकी वर्षं थांबलो नव्हतो."

मग त्यानं निवडणूक कशी असते ते मला शिकवायला घेतलं आणि मला विचारायला इतकं मिळालं की घरी जायचं भान राहिलं नाही. आधी आडोसा हवा म्हणाला. कोरड्या सामानाच्या कोठीत तांदळाच्या पोत्यांमागे एक खोकं उलटं ठेवून जागा केली. एवढा आडोसा कशाला, पाचच तर माणसं, असं मी विचारलं.

"एकोणनव्वदला आमच्या भागात लोकांना भीती होती की गोऱ्या मालकाला कळेल," तो म्हणाला. "मी कॅनिंग फॅक्टरीत कामाला होतो. मालक सांगायचा, मला सगळं कळतं. आडोशात गेल्यावर पहिल्यांदा कळलं, त्याला काही कळत नाही. पाच दिवस मतदान होतं. लोक घोंगड्या घेऊन रांगेत झोपायचे. तुमच्या सिंगापूरचे पोलीसही यूएनबरोबर आले होते. एक बुटका पोलीस रांगेला सारखा सांगत होता, सावलीत या, सावलीत या. वाळवंटात सावली कुठली?"

"तुमच्या गावातच होतं का मतदान?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाला, वॉल्विस बे हे त्याचं गाव तेव्हा दक्षिण आफ्रिकेनं आपल्याकडेच ठेवलं होतं. देश स्वतंत्र होणार, पण त्याचं बंदर होणार नाही. गावात मतपेटी नव्हती. मत द्यायला गावाची हद्द ओलांडून जावं लागलं. आई, दोघी बहिणी आणि तो माशांच्या ट्रकमध्ये मागे बसून गेले होते. चौऱ्याण्णवला गाव परत मिळालं आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यानं आपल्या गल्लीतल्या शाळेत मत दिलं. आई तेव्हा नव्हती.

मग पेटी आली. योहानेसनं बिस्किटांचा रिकामा डबा आणला. पेट्रुसनं तो सगळ्यांना रिकामा दाखवला, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि त्यावर मला सही करायला लावली. मोजणी सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचून, आणि कुणाला शंका असेल तर फेरमोजणी. "दोन हजार चारला कोर्टानं सगळ्या देशाची मतं पुन्हा मोजायला लावली," सेल्मा म्हणाली. "मी शाळेत होते. आमच्या शिक्षकांनी आम्हाला फळ्यावर बेरीज करून दाखवली."

"आणि नऊ सालच्या निवडणुकीचं भांडण कितीतरी दिवस कोर्टात चाललं," ऑइलर म्हणाला.

"तरी आम्ही परत रांगेत," पेट्रुस म्हणाला. "आता तर कागदही नाही. तुमच्या देशातून बटणांची यंत्रं आणलीत. मॅडम, तुम्ही भारतातल्या. त्या यंत्रात मत नक्की राहतं का?"

एका परक्या जहाजाच्या मेसमध्ये बसून मला अख्ख्या भारताच्या वतीनं उत्तर द्यायचं होतं. मी म्हटलं, राहतं असं आमच्याकडे बहुतेकांना वाटतं, आणि जो हरतो त्याला दर वेळी वाटत नाही. ते हसले. पण पेट्रुस हसला नाही. बटण दाबल्यावर हातात काय उरतं, एवढंच त्यानं दोनदा विचारलं आणि मला त्याचं समाधान करता आलं नाही.

मधल्या वेळात त्यांचं आपापसात जुंपलं, थोडं इंग्रजीत आणि पुष्कळसं त्यांच्या भाषेत. मला एवढं समजलं की पेट्रुस स्वातंत्र्य मिळवून दिलेल्या, तेव्हापासून सत्तेवर असलेल्या पक्षाचा, आणि बाकी चौघांचा त्या पक्षावर राग. घरं नाहीत, नोकऱ्या नाहीत, ठेके सगळे ओळखीच्यांना. योहानेस तर टेबलावर मूठ आपटून बोलत होता. पेट्रुस शांतपणे ऐकून घेत होता आणि मध्ये मध्ये एकच वाक्य म्हणत होता. सेल्मानं मला त्याचा अर्थ सांगितला, "तुम्ही ट्रकमध्ये बसला नव्हता." मग डोळे वर करून म्हणाली, "दर वेळी हेच. जेवायला बसलं की ट्रक."

मतदान झालं. एकेक जण पोत्यांमागे गेला आणि डब्यात चिठ्ठी टाकून आला. मी चिकटपट्टी काढली आणि वाचायला लागले. पेट्रुस, एक. सेल्मा, एक. योहानेस, एक. ऑइलरला एक, खलाशाला एक. प्रत्येकानं आपापलं नाव लिहिलं होतं.

देवधर दारात चहाचा मग घेऊन उभे होते. मराठीत म्हणाले, "वहिनी, आता काढा तुमची वाटी."

पण पेट्रुसला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. प्रत्येकाला जायचं आहे हे सिद्ध झालं, एवढंच तो म्हणाला. त्यांच्याकडे राष्ट्रपती व्हायला निम्म्याहून जास्त मतं लागतात, नाहीतर दुसरी फेरी. तर दुसरी फेरी घ्यायची. मी म्हटलं, मग असा नियम करू की या वेळी कुणी स्वतःला मत द्यायचं नाही.

"नाही," पेट्रुस म्हणाला. "कुणाला द्यायचं नाही हे मतदाराला सांगायचा हक्क यूएनला नाही."

मी नियम मागे घेतला. दुसऱ्या फेरीसाठी नव्या चिठ्ठ्या वाटल्या. योहानेस उठून उगाच एक भांडं विसळून आला. मला त्यांच्याकडे बघवेना. प्रत्येकाला जायचं होतं आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं जाणंही कळत होतं. मग पुन्हा एकेक जण पोत्यांमागे गेला. सेल्माला सर्वांत जास्त वेळ लागला.

मी डबा उघडला. पेट्रुस. पेट्रुस. सेल्मा. पेट्रुस. पेट्रुस.

मी आकडा सांगितला. पेट्रुस खाकरून म्हणाला, "फेरमोजणी."

कुणाला हसू आलं नाही. मी पाचही चिठ्ठ्या त्याच्यापुढे ओळीनं मांडल्या. त्यानं एकेकीवर बोट ठेवलं, सेल्माचं नाव लिहिलेली स्वतःची चिठ्ठी बाजूला सारली आणि उरलेल्या चार चिठ्ठ्यांकडे बघत राहिला. खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, मग डोळे पुसले, मग उगाच मानही पुसली.  यूएननं रडू नये म्हणून मी डब्याचं झाकण लावत बसले.

देवधर सेल्माला म्हणाले, "आणि सारंग नसताना पुढचे दोर?"

"मी उभी राहीन, चीफ," सेल्मा म्हणाली. "यांनीच शिकवलंय." देवधरांनी चहा संपवला आणि कॅप्टनशी बोलतो म्हणाले. ते खरंच बोलले, आणि सेल्माच्या बाजूनं बोलले, हे मला नंतर कॅप्टनकडून समजलं.

पुढचं काम माझं. खलाशी म्हणून समुद्रानं आलेला माणूस मलेशियाला जोडणाऱ्या वुडलंड्सच्या पुलावरून बसनं बाहेर पडणार, म्हणजे त्याला आधी जहाजाच्या यादीतून उतरवायचं, प्रवासी म्हणून देशात घ्यायचं, मलेशियात सोडायचं आणि परत आल्यावर पुन्हा खलाशी करायचं. काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे दोनदा पाहिलं. "गो केएल फॉर वन डे, फॉर वोटिंग ओन्ली?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "वा, सो स्टेडी, लाह," म्हणजे तिथल्या बोलीत शाबास, आणि शिक्का मारला. माणूस परत आला नाही तर जबाबदारी एजंटची असते, म्हणून लिमनं मला त्याच्याबरोबरच जायला सांगितलं. मी नाहीतरी गेलेच असते.

बसमध्ये पेट्रुस कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसला होता. शर्ट योहानेसचा होता, बाह्या आखूड होत होत्या. बाहेर पामची झाडं संपता संपत नव्हती. मी माझ्या स्वभावाप्रमाणे विचारलंच. "ते चौघं तुमच्या पक्षाच्या विरुद्ध. मग तुम्हालाच का पाठवलं?"

"तोच विचार करतोय, मॅडम," तो म्हणाला. "जहाजावर आम्ही पाच. मोजलं तर चार विरुद्ध एक. आणि मत देणार तो एक."

"मग काय करणार?"

त्यानं आखूड बाही मनगटाकडे ओढली. क्वालालंपूर येईपर्यंत तो बाहेरच बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलातीच्या दारात थोडीशीच माणसं होती, बरेचसे विद्यार्थी. त्यातल्या एकानं पेट्रुसला पुढे जायला सांगितलं, तर हा रागावला. रांग म्हणजे रांग. मी फाटकाबाहेर थांबले. माझ्यासारखीला फाटकाबाहेर उभं राहणं किती कठीण होतं ते माझं मलाच ठाऊक. त्याच्या मागून गेलेली मुलं बाहेर आली, फोनवर बोलली, निघूनही गेली. पेट्रुस आतच. यंत्र बिघडलं की काय, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

शेवटी तो आला. अंगठ्याला शाई होती. चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं.

"यंत्र चाललं?"

"चाललं. वाजतं. आतल्या अधिकाऱ्यानं मला विचारलं, काका, बटण दिसत नाही का? मी म्हटलं, सगळी दिसतायत, तोच त्रास आहे."

"मग कुणाला दिलंत?"

तो माझ्याकडे बघून हसला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. "मॅडम, तुम्ही यूएन. हे तुम्ही विचारायचं नसतं."

परतीच्या बसमध्ये मी दोन वेळा वेगळ्या वाटेनं विचारून पाहिलं. एकदा तो झोपल्याचं सोंग घेऊन पडला आणि दुसऱ्यांदा खरंच झोपला.

तुआसला पोचलो तेव्हा जहाज डॉकबाहेर धक्क्याला तरंगत होतं, कुठंही खरचटलेलं नव्हतं. पुढच्या दोरांजवळ सेल्मा हेल्मेट काढून उभी होती. हातांना फोड आले होते. बाकीचे तिघं शिडीच्या तोंडाशी वाट बघत होते.

"तातेकुलु, झालं?" तिनं वरूनच विचारलं. त्यांच्याकडे वडीलधाऱ्याला अशी हाक मारतात.

पेट्रुसनं अंगठा वर केला. चौघांनी त्या शाईकडे पाहिलं. योहानेस म्हणाला, "शर्टावर डाग नाही ना पाडलात?" आणि त्याला जेवायला घेऊन गेला. एवढंच. कुणी दुसरं काहीही विचारलं नाही.

मला राहवेना. मी सेल्माला बाजूला घेतलं. "अगं, तुम्हाला जाणून नाही घ्यायचं, त्यानं मत कुणाला दिलं?"

ती दोराला गाठ मारत होती. मारून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, ते जाणून घ्यायचं असतं तर आम्ही आमच्या चौघांतलाच कुणी पाठवला असता."